सभागृहातील वाक्य आणि सभेतील वाक्य : राज्यसभेतील मराठी वादसंवादाची वाङ्मयीन चिकित्सा

१. दोन सभा

दिल्लीतील मराठी सार्वजनिक जीवनाचा विचार करताना दोन स्थळे एकमेकांशेजारी ठेवून पाहावी लागतात. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेले पहाडगंज हे त्यांपैकी पहिले. मुख्य बाजार, चुना मंडी, फाळणीनंतर येथे स्थिरावलेली निर्वासित कुटुंबे आणि पुढील काळातील स्वस्त हॉटेले ही या वस्तीची सर्वपरिचित ओळख होय. दिल्लीकर मराठी माणसासाठी मात्र पहाडगंज म्हणजे नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन. गणेशोत्सव, व्याख्याने, नाटके, सत्कार यांच्या निमित्ताने ज्या भागात मराठी जाहीरपणे बोलली आणि ऐकली जाते, तो हा भाग. पहाडगंजच्या पश्चिम अंगाला राणी झांशी मार्गावर आंबेडकर भवन आहे. तेथील सभांचा श्रोता अधिक व्यापक आणि बहुभाषिक असतो.

दुसरे स्थळ तेथून तीन-चार किलोमीटरवरील संसद भवन. १३ मे १९५२ रोजी राज्यसभेची पहिली बैठक तेथे भरली. १९ सप्टेंबर २०२३ पासून सभागृहाचे कामकाज शेजारच्या नव्या वास्तूत चालते. या सभागृहात १९५२ पासून मराठी भाषक सदस्य सातत्याने बोलत आले आहेत. पण त्यांचे बोलणे बहुतांशी इंग्रजी वा हिंदीतून झाले. परिणामी मराठी वाङ्मयेतिहासाने ते आपले मानले नाही आणि इंग्रजी-हिंदीच्या अभ्यासकांना त्याच्या मराठी मुळांशी कर्तव्य नव्हते.

मराठीत 'सभा' हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालतो. पहाडगंजच्या भवनात भरते तीही सभा आणि राज्यसभा हीदेखील सभाच. या शब्दसाम्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. भवनातल्या सभेत एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. सभागृहात एक बोलत असताना दुसरा त्याला थांबवू शकतो, विचारू शकतो, खोडू शकतो. आणि हे थांबवणे, विचारणे, खोडणे त्याच कागदावर, त्याच मजकुराचा भाग म्हणून नोंदले जाते. सभागृहातील वाक्य जेव्हा सभेत येते, तेव्हा ते आपल्या प्रतिपक्षाला मागे टाकून येते. संवादाचे भाषण होते आणि भाषणाचे अवतरण होते. या स्थित्यंतरात नेमके काय गळते, ते गळल्याने अर्थ कसा पालटतो आणि तौलनिक साहित्याभ्यासाने त्याकडे कसे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. संहितेची घडण

राज्यसभेचे इतिवृत्त ही एक विलक्षण संहिता आहे. तिचे स्वरूप समजण्यासाठी सभागृहाचे रोजचे काम थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते. प्रश्नोत्तराचा तास, शून्य प्रहर, विशेष उल्लेख, शासकीय विधेयके, शुक्रवारी दुपारनंतर अशासकीय विधेयके व ठराव, शिवाय सभागृहाबाहेर चालणारे स्थायी समित्यांचे काम, असा हा पसारा आहे. विभागसंबद्ध स्थायी समित्या १९९३ पासून अस्तित्वात आहेत आणि एकतीस सदस्यांच्या प्रत्येक समितीत दहा राज्यसभेचे असतात. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. त्यामुळे सदस्याच्या कामाचा मोठा भाग जनतेच्या कानावर पडत नाही. जे कानावर पडते ते सभागृहातले. आणि त्यातही जे वृत्तपत्रांत व पडद्यावर येते ते बहुधा सर्वांत गोंगाटाचे.

या सभागृहाच्या अधिकारांना निश्चित मर्यादा आहेत. धन विधेयक ते फेटाळू शकत नाही. चौदा दिवसांच्या आत शिफारशींसह वा शिफारशींविना ते परत करावे लागते. अर्थसंकल्पावर चर्चा करता येते, अनुदानाच्या मागण्यांवर मत देता येत नाही. अर्थात अनेक प्रसंगी येथील सदस्यापाशी केवळ शब्द असतो, निर्णय नसतो. वाङ्मयीन दृष्ट्या ही उणीव महत्त्वाची ठरते. निर्णय हाती नसलेल्या बोलण्याला युक्तिवादावर, स्मरणावर आणि शैलीवर अधिक भिस्त ठेवावी लागते. त्या बोलण्याचा श्रोता समोरच्या बाकावर असतो तसाच भविष्यातही असतो.

हे बोलणे कागदावर कसे येते? सभागृहाच्या मध्यभागी बसणारे प्रतिवेदक काही मिनिटांच्या पाळीने टिपण घेतात. एकाची पाळी संपली की दुसरा येतो. एकाच सदस्याचे भाषण अशा रीतीने अनेक हातांतून उतरते आणि छापताना पुन्हा एकसंध होते. बोलणारा सभापतींना उद्देशून बोलतो. समोरच्या सदस्याचा उल्लेखही तृतीय पुरुषी, 'सन्माननीय सदस्य' असा होतो. मध्येच उठून कोणी बोलले तर त्याचे नाव व वाक्य छापले जाते. अनेक जण एकदम बोलले तर कंसात केवळ 'व्यत्यय' एवढी नोंद राहते. सभापतींनी वगळण्याचा आदेश दिलेल्या शब्दांच्या जागी तारांकने येतात. नाट्यसंहितेतील रंगसूचनांची आठवण व्हावी अशी ही योजना आहे. फरक इतकाच, की येथे संहिता प्रयोगानंतर लिहिली जाते आणि तिचा कोणी एक लेखक नसतो.

सभापतींचे स्थान या रचनेत वाद नियंत्रित करणाऱ्या सूत्रधाराचे असते. १९६९ ते १९७२ या काळात उपसभापतिपदी असलेले रिपब्लिकन पक्षाचे नेते बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे हे चांदा भागातले. महाराष्ट्रातील दलित चळवळीच्या व्यासपीठांवर घडलेला वक्ता येथे इतरांच्या बोलण्याला वेळ आणि मर्यादा घालून देणारा झाला. वक्तृत्वाच्या इतिहासात अशा ऐकणाऱ्या व थांबवणाऱ्या आवाजाची नोंद क्वचितच होते. इतिवृत्तात मात्र ती पानोपानी आहे.

३. व्याख्यान आणि वाद

ही अनेककर्तृक संहिता मराठी समीक्षेच्या नजरेतून का निसटली, याचे उत्तर केवळ भाषाभेदात सापडत नाही. मराठी वक्तृत्वाची आपली कल्पना व्याख्यानाने घडवली आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून महाराष्ट्राच्या गावोगावी, आणि महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी मंडळे स्थापन झाली तेथे, व्याख्यान हाच वैचारिक सभेचा आदर्श नमुना ठरला. अध्यक्ष, वक्ता, विषय, आभार ही त्याची चौकट. श्रोत्याने मध्येच उठून हरकत घेणे हा तेथे असभ्यपणा मानला जातो. त्यापूर्वीच्या कीर्तनातही श्रोता डोलतो, नाम घेतो, पण बुवांना अडवत नाही. पहाडगंजच्या भवनातली सभा याच परंपरेची वारस आहे.

मराठी परंपरेत दुसरा प्रवाह नव्हता असे मात्र नाही. शाहिरांच्या फडातील सवाल-जवाबात उत्तरावाचून प्रश्न अपुरा राहतो आणि प्रश्नावाचून उत्तराला अर्थ नसतो. तमाशाच्या वगात सोंगाड्याने मध्येच टाकलेला शब्द कथेला वळण देतो. शास्त्रग्रंथांच्या परंपरेत पूर्वपक्ष मांडल्याखेरीज उत्तरपक्ष मांडता येत नाही, आणि पूर्वपक्षातले वाक्य ग्रंथकाराचे मत म्हणून उद्धृत करणे हा वाचकाचा घोर प्रमाद समजला जातो. संसदीय चर्चेचे नाते व्याख्यानापेक्षा या प्रवाहाशी अधिक निकटचे आहे. तरीही ती वाचताना व्याख्यानाचे संस्कार प्रभावी ठरतात. मधले प्रश्न गाळले जातात, उत्तरे सलग जोडली जातात आणि एका माणसाचे 'गाजलेले भाषण' तयार होते. हा केवळ संपादनाचा प्रश्न नाही. तो अर्थनिर्णयाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या राज्यसभेतील दोन प्रसंगांतून तो स्पष्टपणे दाखवता येतो.

४. जाळणे आणि देऊळ : १९५३ व १९५५

१९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत पराभव झाल्यानंतर आंबेडकर १९५२ मध्ये मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून आले. १९५६ मधील निधनापर्यंत ते सदस्य होते. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आता वरिष्ठ सभागृहाच्या विरोधी बाकावर बसला होता. 'घटना तुम्हीच केली' हे वाक्य त्यामुळे त्यांच्या प्रत्येक टीकेवरचे तयार उत्तर झाले होते. या काळातील त्यांचे संसदीय बोलणे समजून घ्यायचे तर या तयार उत्तराची सतत उपस्थिती गृहीत धरावी लागते.

२ सप्टेंबर १९५३ रोजी आंध्र राज्य विधेयकावर चर्चा चालू होती. गृहमंत्री कैलासनाथ काटजू यांचे हे विधेयक भाषिक तत्त्वावर नवे राज्य निर्माण करणारे होते. आंबेडकरांचा मुद्दा असा, की भाषिक राज्यात एखादी बलिष्ठ जात सत्ता बळकावेल आणि अस्पृश्य व अन्य अल्पसंख्य समूह तिच्या हाती सापडतील. म्हणून त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला काही विशेष अधिकार असावेत. यावर अपेक्षित हरकत आली. राज्यपालाला नामधारी ठेवणारी घटना तर यांनीच समर्थिली होती! वकील अनेक गोष्टींचे समर्थन करतात, असे मिस्किल उत्तर आंबेडकरांनी दिले. पुढे, आपण सांगितलेले काम करणारा कारकुनी लेखक होतो आणि मनाविरुद्ध पुष्कळ काही केले, असेही ते म्हणाले. आणि याच ओघात ते वाक्य आले, की घटना आपण केली असे मित्र म्हणतात, पण ती जाळणारा पहिला माणूस होण्याचीही आपली तयारी आहे.

सभांतून आणि लेखांतून हे वाक्य येथेच थांबवले जाते. इतिवृत्तात ते येथे थांबत नाही. त्याच्या लगेच पुढे 'परंतु' आहे. ते काहीही असो, परंतु देशाचा कारभार पुढे न्यायचा असेल तर बहुसंख्य आणि अल्पसंख्य असे दोन्ही आहेत हे विसरता येणार नाही; अल्पसंख्यांना मान्यता दिल्याने लोकशाहीला बाधा येते असे म्हणून त्यांना डावलता येणार नाही; सर्वांत मोठी हानी अल्पसंख्यांना इजा पोचवण्यातूनच होईल, हा त्या पुढील प्रतिपादनाचा आशय.

मीमांसकांनी वाक्यार्थ ठरवताना विधी आणि अर्थवाद असा भेद केला आहे. जे करावयास सांगितले आहे तो विधी. त्याच्या पुष्टीसाठी केलेली स्तुती वा निंदा तो अर्थवाद. अर्थवाद स्वतंत्रपणे प्रमाण मानायचा नसतो. तो ज्या विधीचा शेष आहे त्याच्याशी जोडूनच त्याचा अर्थ लावायचा असतो. ही कसोटी लावली तर जाळण्याचे वाक्य हा अर्थवाद ठरतो आणि अल्पसंख्यांचे संरक्षण हा विधी. भाषणाचा उपक्रम राज्यपालाच्या अधिकारांचा आहे आणि उपसंहार अल्पसंख्यांच्या इजेचा. तात्पर्य या दोहोंच्या एकवाक्यतेत आहे. मधले वाक्य तेवढे उचलणारे वाचक मग दोन परस्परविरोधी गटांत विभागले जातात. घटनेला कमी लेखू पाहणाऱ्यांना ते निर्मात्याचीच साक्ष म्हणून हवे असते. घटनेचा आदर करणाऱ्यांना ते अडचणीचे वाटते आणि क्षणिक वैताग म्हणून ते बाजूला सारतात. दोन्ही गटांत वाक्याचा विधी, म्हणजे दुर्बळ समूहांच्या रक्षणाची मागणी, अनुच्चारितच राहतो. अवतरणाचा वाद जितका तापतो, तितका ज्यांच्यासाठी ते वाक्य उच्चारले गेले त्यांचा प्रश्न दूर जातो.

या प्रसंगाचा उत्तरार्ध सुमारे दीड वर्षांनी घडला. १९ मार्च १९५५ रोजी घटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर चर्चा चालू होती. संपत्तीच्या हक्काविषयीच्या एकतिसाव्या अनुच्छेदाचा प्रश्न होता. डॉ. अनूप सिंग यांनी आंबेडकरांना त्यांच्या जुन्या विधानाची आठवण करून दिली. त्यावर आंबेडकरांनी सांगितले, की त्या वेळी घाईत कारण द्यायचे राहून गेले होते, आता संधी मिळाली आहे तर ते देतो. देव येऊन राहावा म्हणून आपण देऊळ बांधले. देवाची प्रतिष्ठापना होण्यापूर्वीच सैतानाने त्याचा ताबा घेतला, तर देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय करणार, असा त्यांचा दृष्टान्त होता. बी. के. पी. सिन्हा यांनी लगेच विचारले, की मग सैतानाचाच नाश करा, देवळाचा कशासाठी? आंबेडकरांचे प्रत्युत्तर असे, की तेवढे बळ आपल्यापाशी नाही. शतपथ ब्राह्मण वाचले तर असुरांकडून देवांचाच पराभव होत आल्याचे दिसेल.

येथे दृष्टान्त एका वक्त्याने योजलेला असला तरी त्याचा विकास दोघांनी मिळून केला आहे. सिन्हांचा प्रश्न नसता तर दृष्टान्त देऊळ पाडण्यावर संपला असता आणि त्यातला विध्वंस तेवढा उरला असता. प्रश्नामुळे विध्वंसामागची असहायता बाहेर आली. सैतान आणि देव यांच्या झुंजीत देवांचे बळ कमी पडते, ही घटनेच्या अंमलबजावणीविषयीची खिन्न कबुली केवळ या मध्येच आलेल्या वाक्यामुळे इतिवृत्तात उतरली. सवाल-जवाबाच्या फडाशी या उताऱ्याचे नाते जोडता येते ते या अर्थाने. प्रतिपक्षाचा प्रश्न येथे उत्तराचे कारण आहे आणि त्याच्या अर्थाचा भागही आहे.

५. इंग्रजी वाक्याचा मराठी तळ

तौलनिक अभ्यासकाला या दोन्ही उताऱ्यांत आणखी एक गोष्ट दिसावयास हवी. सभागृहातील सर्व सदस्यांसाठी ही वाक्ये इंग्रजी होती. 'जाळणे' हे त्यांना आलंकारिक अतिशयोक्तीचे क्रियापद वाटले असेल. मराठी वाचकाच्या कानात मात्र या क्रियापदामागे २५ डिसेंबर १९२७ चे महाड उभे राहते. तेथे मनुस्मृतीचे दहन झाले होते. ज्याने एकदा ग्रंथ जाळण्याची कृती प्रत्यक्ष केली आहे, त्याच्या तोंडी जाळण्याची भाषा केवळ भाषा राहत नाही. शिवाय दोन्हींत एक अंतर्विरोध आहे. महाडला दुसऱ्यांनी लादलेला ग्रंथ होता, येथे स्वतःच्या श्रमाचा ग्रंथ आहे. महाडला दहन प्रत्यक्षात झाले, येथे ते केवळ इशाऱ्याच्या रूपात आहे.

देवळाच्या दृष्टान्ताचेही तसेच. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. ज्या देवळाचे दार उघडले नाही, त्याच्या बाहेर उभा राहिलेला माणूस पंचवीस वर्षांनी संसदेत 'आपण देऊळ बांधले' असे म्हणतो. बंद दारापासून स्वतः बांधलेल्या देवळापर्यंतचा प्रवास त्या एका वाक्यात आहे, आणि त्या नव्या देवळाचाही ताबा दुसऱ्यांनी घेतल्याची व्यथा त्यापुढच्या वाक्यात. इंग्रजीत हा दृष्टान्त चतुर वाटतो. मराठीत वाचला की त्याला जखमेची खोली येते. भाषांतरात सहसा काहीतरी हरवते असे गृहीत धरले जाते. येथे उलट घडते. मूळ उच्चारात सुप्त असलेला अर्थ भाषांतरात जागा होतो, कारण अनुभवाची भाषा मराठी होती आणि उच्चाराची इंग्रजी.

याच संदर्भात एक योगायोग चिंतनीय आहे. आंबेडकरांच्या सदस्यत्वाच्या काळातच, १९५३ मध्ये, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांची राज्यसभेवर राष्ट्रपतींकडून नियुक्ती झाली. १९५६ मध्ये मामा वरेरकर आले. काणे आणि वरेरकर दोघेही चिपळूण परिसरातले. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे तेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच. एकाने धर्मशास्त्राचा इतिहास इंग्रजीतून लिहिला, एकाने स्मृतीचे दहन केले आणि स्मृतीची जागा घेणारा ग्रंथ घडवला, एकाने रंगभूमीवरून सामाजिक प्रश्न मांडले आणि शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. एकाच जिल्ह्याची ही तीन भिन्न ज्ञानविश्वे एका सभागृहाच्या नामावलीत एकत्र आली. शतपथ ब्राह्मणाचा आंबेडकरांनी केलेला उल्लेख या पार्श्वभूमीवर वाचला, म्हणजे परंपरेच्या ग्रंथांवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न सभागृहातही किती जिवंत होता ते ध्यानात येते.

भाषेच्या प्रश्नाला घटनात्मक बाजूही आहे. एकशेविसाव्या अनुच्छेदानुसार संसदेचे कामकाज हिंदी वा इंग्रजीत चालते. ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्याला सभापती मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. मातृभाषा येथे हक्क म्हणून येत नाही. अन्य भाषांतील असमर्थतेची सवलत म्हणून येते. दोन्ही भाषा अवगत असलेल्या मराठी सदस्याने मराठीत बोलू नये, असा तिचा व्यावहारिक अर्थ दीर्घकाळ झाला. जुलै २०१८ पासून आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांसाठी तत्काळ भाषांतराची सोय राज्यसभेत उपलब्ध झाली, ही गोष्ट त्यामुळे महत्त्वाची आहे. तरी सदस्याला पूर्वसूचना द्यावी लागते. पूर्वसूचना देऊन ठरलेले भाषण करता येते. मध्येच उठून विचारायचा प्रश्न पूर्वसूचनेने विचारता येत नाही. म्हणजे या सोयीतून मराठीला सभागृहात व्याख्यान मिळते, वाद मिळणे अवघड राहते.

६. काय स्मरणात राहते

ऐंशीव्या अनुच्छेदान्वये साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतून बारा सदस्य नियुक्त होतात. साहित्यिक सदस्यांची सभागृहातील स्मृती तपासली तर वरील मुद्द्याला पुष्टी मिळते. १९५२ मध्ये नियुक्त झालेले हिंदी कवी मैथिलीशरण गुप्त यांनी अर्थसंकल्पावरचे मत पद्यातून मांडले, ही गोष्ट आजही सांगितली जाते. आर. के. नारायण यांचे १९८९ मधील भाषण शाळकरी मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याविषयी होते. त्यातून सुरू झालेला विचार पुढे यशपाल समितीच्या १९९३ च्या अहवालापर्यंत पोचला. दोन्ही उदाहरणे स्मरणात राहिली ती स्वयंपूर्ण असल्यामुळे. एक कविता आहे, दुसरा ललित निबंध. संदर्भातून उचलले तरी दोन्हींना बाधा येत नाही. म्हणूनच ती साहित्याच्या ओळखीच्या कप्प्यात सहज बसतात. वादातून उमललेले वाक्य तसे बसत नाही. उचलले की ते मोडते.

अलीकडच्या काळातील मराठी उदाहरण म्हणून शरद जोशी यांच्या मताचा विचार करता येतो. शेतकरी संघटनेचे नेते आणि मराठीतील महत्त्वाचे निबंधकार असलेले जोशी २००४ ते २०१० या काळात महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. ९ मार्च २०१० रोजी महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवणारे घटनादुरुस्ती विधेयक सभागृहाने १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केले. तो एक म्हणजे शरद जोशी. त्याआधी गोंधळ होऊन सात सदस्य निलंबित झाले होते. विधेयकाचे काही विरोधक मतदानाच्या वेळी सभागृहात नव्हते. विरोध नोंदवण्याची संसदीय पद्धत ज्याने पाळली, असा तो एकटा सदस्य होता.

केवळ आकडा पाहणाऱ्या वाचकाला हे मत स्त्रीविरोधी वाटेल. हाच माणूस नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे विराट अधिवेशन घडवणारा आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून जमीन स्त्रियांच्या नावे करण्याचा आग्रह धरणारा आहे, हे लक्षात घेतले की एका मताचे वाचन अवघड होते. त्यांचा आक्षेप प्रामुख्याने राखीव मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर होता. पुढच्या वेळी मतदारसंघ आपल्याकडे नसणार हे ठाऊक असलेला प्रतिनिधी तो जोपासणार कसा, हा त्यामागचा प्रश्न. ते विधेयक २०१४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्यसभेने नवे विधेयक २१४ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. त्यात फिरतेपणाची तरतूद राहिली, पण ती प्रत्येक निवडणुकीऐवजी मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडली गेली. २०१० मधल्या एका मताचा हा परिणाम आहे असे म्हणण्यास आधार नाही. मात्र त्या मताने विचारलेला प्रश्न निरर्थक नव्हता, इतके यावरून म्हणता येते. शून्य हा आकडा एकमत दाखवतो. एक हा आकडा वाद झाल्याचे दाखवतो, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला दुसरा आकडा अधिक बोलका वाटावा.

आंबेडकर आणि जोशी यांची भूमिका, काळ आणि सामाजिक स्थान यांत मोठे अंतर आहे; त्यांना एका मापाने मोजण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते ग्रहणाच्या पातळीवर. दोघांच्याही बाबतीत सार्वजनिक स्मृतीने निष्कर्ष ठेवला आणि ज्या प्रश्नाला तो निष्कर्ष उत्तर होता तो प्रश्न टाकून दिला.

७. मर्यादा आणि अपेक्षा

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप संभवतो. राज्यसभेच्या इतिवृत्तात अशा उताऱ्यांपेक्षा नित्याची माहिती, पुनरुक्ती, पक्षादेशाने केलेली भाषणे आणि गोंधळ यांचेच प्रमाण अधिक आहे. त्याला वाङ्मय म्हणणे ही अतिव्याप्ती नाही काय? उत्तर असे, की इतिवृत्त सरसकट वाङ्मय आहे असा येथे दावा नाही. ते वाचण्याची रीत वाङ्मयीन असली पाहिजे, एवढाच आग्रह आहे. शिलालेख, महजर, बखरी यांच्यातही नित्याचा भाग पुष्कळ असतो. तरी त्यांची भाषा आणि रचना मराठी अभ्यासाने आपल्या कक्षेत आणली. नित्याच्या प्रश्नोत्तरांची परिभाषा आणि तिचा संयम ठाऊक नसेल, तर एखाद्या वाक्याने ती चौकट कोठे ओलांडली हेही कळत नाही.

दुसरा प्रश्न साधनांचा आहे. आंबेडकरांची संसदीय भाषणे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पंधराव्या खंडात मधल्या प्रश्नोत्तरांसह उपलब्ध आहेत, आणि राज्यसभेची इतिवृत्ते आता संगणकावरही वाचता येतात. संहिता दुर्मीळ नाही. ती तिच्या आकारासह वाचण्याची सवय दुर्मीळ आहे. मराठी भाषांतर करताना हरकतींची वाक्ये, त्या घेणाऱ्यांची नावे, सभापतींचे हस्तक्षेप आणि वगळलेल्या शब्दांच्या जागची तारांकनेदेखील जशीच्या तशी राखली पाहिजेत. अन्यथा भाषांतरातून पुन्हा व्याख्यानच हाती येईल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५४ मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली ते राजधानीत भरले होते, त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी. दोन्ही प्रसंगी राजधानीतील मराठीची प्रतिष्ठा हा चर्चेचा विषय होता आणि ऑक्टोबर २०२४ मधील अभिजात दर्जाने तिला नवे परिमाण लाभले. पण भाषेची प्रतिष्ठा तिच्यात किती गौरवपर भाषणे झाली यावरून जशी ठरते, तशीच तिच्यात किती नेमकेपणाने मतभेद मांडता येतात यावरूनही ठरते. पहाडगंजच्या सभेत ते वाक्य यापुढेही उच्चारले जाईल आणि जावे. मात्र ते उच्चारणाऱ्याने त्यापुढचा 'परंतु' उच्चारला पाहिजे, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने तरी सिन्हांप्रमाणे मध्येच उठून प्रश्न विचारला पाहिजे. १९५३ मधले ते वाक्य ज्यांच्या रक्षणासाठी उच्चारले गेले, त्यांच्यापर्यंत ते पोचण्याचा मार्ग त्या प्रश्नातून जातो.